पहिलं हळदीकुंकू

चेहरे ओळखणाऱ्या सरकारी कॅमेऱ्यांविरुद्ध दहिसरच्या चाळीतल्या बायकांनी मोर्चा काढला. वनमालाने तोंड झाकलं नव्हतं. आपल्याच देशात आवाज उठवायचा, तर लपायचं कशाला? तिचा फोटो पोलिसांकडे असायचं काही कारणही नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी चौकीतून नावानिशी बोलावणं आलं.

"माझं नाव कोणी सांगितलं?" तिने ठणकावून विचारलं.

"कोणी नाही. एआयने ओळखलं," म्हणत साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे फिरवला.

तिचेच फोटो होते. समोरून, डावीकडून, उजवीकडून. कपाळावर ताजं कुंकू, केसांत गजरा.

वनमालाने ते फोटो लगेच ओळखले. नवरा गेल्यापासून तिला कोणीच हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं. यंदा संक्रांतीला शेजारची उत्तराच दारात आली होती. "विधवा-बिधवा काही नसतं गं, तू चल!" तिने स्वतः कुंकू लावलं, हनुवटी धरून एकेका बाजूने फोटो काढले. घरी येऊन वनमाला सुखाने रडली होती.

"उत्तराताईंचं काम चोख हां," साहेब हवालदाराला म्हणाले. "विधवांनासुद्धा बोलावलं. चाळीतली एकही बाई सुटली नाही."