निळा दोरा, पांढरा दोरा

धाकट्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी मॅडमनं एका संध्याकाळी दोन्ही बाटल्यांतलं द्रावण चेहऱ्याला लावलं. आधी पांढऱ्या दोऱ्याचं, मग निळ्या दोऱ्याचं, आणि लावलंय हे विसरून पुन्हा पांढऱ्या दोऱ्याचं. तिचा नवरा, मिस्त्री, दूध घेऊन वर आला तेव्हा ती आरशासमोर शांत बसली होती. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“अहो, जरा पंखा लावा,” ती म्हणाली. “फार उकडतंय आज.”

पुढच्या खोलीत तिचं जन्मभर ब्यूटी पार्लर होतं. सगळी गल्ली तिला मॅडम म्हणायची. मिस्त्रीही आधी चेष्टेनं म्हणायला लागला आणि मग तेच तोंडात बसलं. तो सुतार. तिच्या खुर्च्या, आरशांच्या चौकटी त्याच्याच हातच्या. तिच्याकडे चेहऱ्यावरची मेलेली कातडी काढायची दोन अ‍ॅसिडं असत. ग्लायकोलिकच्या बाटलीला पांढरा दोरा, सॅलिसिलिकच्या बाटलीला निळा. येणाऱ्या प्रत्येक पोरीला ती बजावायची, “एका वेळी एकच. आज हे, उद्या सुट्टी, परवा ते. सकाळी सनस्क्रीन लावल्याशिवाय उन्हात पाऊल टाकायचं नाही. घाई करून दोन्ही एकदम लावलंस, तर उजळायची नाहीस बाई, सोलून निघशील.”

अलीकडे तिच्या डोक्यात धुकं उतरलं होतं. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही. जुळ्यांची नावं तर तिच्याजवळ थांबतच नव्हती. नियम मात्र तोंडपाठ. फक्त काल काय लावलं, एवढंच धुक्यात जायचं.

डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या बंद केल्या. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं आणि साधं क्रीम लावायचं, बाकी काही नाही. चेहरा हळूहळू निवला. मिस्त्रीनं बाटल्या कपाटावर लपवल्या. पण दिवे लागले की ती त्या शोधायला लागायची. आदळआपट नाही, ओरडणं नाही. परक्याच्या घरी पाहुणी आल्यासारखी ती एकेक खण हलक्या हातानं उघडायची आणि तितक्याच हलक्या हातानं लावायची.

एकदा तशीच खणात हात घालून उभी असताना ती म्हणाली, “मिस्त्री, माझ्या हाती आता काहीच ठेवणार नाही का तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या, धुतल्या, नळाच्या पाण्यानं भरल्या आणि दोरे होते तसे बांधून पुन्हा आरशासमोर ठेवल्या.

धंद्यात तिला कधी कोणी नकली माल खपवू शकलं नव्हतं. वास घ्यायची, मनगटावर थेंब टेकवायची आणि बाटली परत करायची. आता नवराच पाणी खपवतोय हे कळलं, तर ती कुणाच्या भरवशावर राहणार? सगळंच हातचं सुटत चाललेल्या माणसाचा हा एवढा खुंटा होता, आणि तोच त्यानं पोकळ करून ठेवला होता.

म्हणून तो नियम काटेकोर पाळायचा. दिवा लागला की ती आरशासमोर बसायची. काचेत खिडकीतलं आभाळ जांभळं होत जायचं आणि तिचा चेहरा त्यात तरंगल्यासारखा दिसायचा.

“काल कोणतं होतं?”

“निळ्या दोऱ्याचं.”

“म्हणजे आज सुट्टी.”

“आज सुट्टी, मॅडम.”

पाण्याचीसुद्धा सुट्टी. लावायच्या दिवशी तो कापसाचा बोळा भिजवून कपाळावरून, गालांवरून फिरवायचा. कापूस कमी पडला की नुसत्या बोटांनी. लग्न झाल्यापासून ती त्याला चेहऱ्याला हात लावू देत नसे. “लांब व्हा, तुमचे हात म्हणजे पॉलिश पेपर!” आता ती डोळे मिटून घ्यायची, आणि तिचा श्वास नावेसारखा संथ व्हायचा.

एका संध्याकाळी पांढऱ्या दोऱ्याचं लावून झालं, तोच फोन वाजला. धाकटी होती. जुळ्यांतल्या एकीला पहिला दात आला होता. मिस्त्री हसत परत आला, आणि त्याच हसण्याच्या भरात त्यानं निळ्या दोऱ्याची बाटली उघडून त्यातलं तिच्या गालाला लावलंसुद्धा. मग हातातल्या बाटलीचा दोरा त्याला दिसला.

तिनं डोळे उघडले. आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

“चुकलो गं,” तो पुटपुटला. “दोन्ही लागलं.”

“असू द्या की. पाण्यानं कुठं कातडी जळते?”

तो शेजारच्या स्टुलावर बसला. “कधीपासून?”

“पहिल्याच दिवशी कळलं. जराही चुरचुरलं नाही.” तिनं त्याचा हात ओढून पुन्हा गालावर ठेवला. “फक्त पाणी रोज बदलत जा. शिळा वास मारतो.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“कशाला? मेलेली कातडी काढायला तुमची बोटं आहेतच की.”

ती हसली. पूर्वी गिऱ्हाइकांशी हसायची तशी, मान मागे टाकून. मग आरशात काहीतरी हरवल्यासारखं तिचं हसू मावळलं.

“मिस्त्री, काल कोणतं होतं?”

“काल सुट्टी होती, मॅडम.”

तेव्हापासून तो रोज सकाळी बाटल्यांतलं पाणी बदलायचा. जुळी चालायला लागली त्या महिन्यात, एका सुट्टीच्या दिवशी, दोन्ही बाटल्यांत ताजं पाणी असताना, मॅडम गेली.