अलकनंदाबाईंचं नाक

"तिसरा," संग्राम म्हणाला. परीक्षा घेणाऱ्या ब्रेंडनने नकारार्थी मान हलवली. चुकलं.

आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावी संग्रामच्या घरात जेवणाच्या टेबलावर पाच ग्लास मांडले होते. चारांत आयरिश व्हिस्की, एकात अमेरिकन बर्बन. बर्बन ओळखायची, तिचे गुण सांगायचे, की व्हिस्की क्लबच्या परीक्षक मंडळात जागा पक्की. या जागेसाठी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातला हा इंजिनियर दोन वर्षं जिवाचं रान करत होता. आता त्याच्याकडे एकच अंदाज उरला होता.

सासूबाई, अलकनंदाबाई, चिवड्याच्या बशा घेऊन आल्या. पुण्याहून येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता.

"बर्बन म्हणजे हो काय, संग्रामराव?"

"मक्याची असते, आई."

बाई ग्लासांवरून नुसत्या वाकत गेल्या. "मग ही चौथी."

ब्रेंडनच्या हातातला चिवडा हातातच राहिला. आणखी काय वाटतं, त्याने विचारलं. संग्रामच्या बायकोने, अस्मिताने, ते आईला मराठीत सांगितलं.

"भाजलेलं कणीस. वर काकवी. पिंप आतून जाळलेलं, आणि लाकूड कोरं आहे. बाकीच्या चारांचं जुनं, वापरलेलं. माल चांगला आहे हो, घाईने केलेला नाही."

"कोरं लाकूड!" ब्रेंडन उठूनच उभा राहिला. बर्बन कोऱ्या पिंपातच मुरवायची, हा तर नियमच. तीस वर्षांत आपण असं नाक पाहिलं नाही, आणि तेही एक घोट न घेता, असं तो दोनदा म्हणाला. जागा यांनाच द्यायची, वर्षभर राहिल्या तर क्लबचं भाग्य.

संग्रामचा चेहरा क्षणभर पडला. पण गडी दिलदार. त्याने सरळ वाकून नमस्कार केला. "आई, मानलं तुम्हाला! दोन वर्षं मी झक मारली. जागा तुमचीच."

"इश्श, काहीतरीच काय!" बाई म्हणाल्या, पण खुर्ची ओढून बसल्या. आजवर कुणी त्यांना असं टेबलाशी बसवून त्यांचं कौतुकाने ऐकलं नव्हतं.

ब्रेंडनने फॉर्म काढला. एकच रकाना अडला होता. हे शिक्षण कुठे झालं?

"मसाले," अस्मिताने परस्पर सांगून टाकलं. "आईचा गोडा मसाला अख्खी पेठ न्यायची. दारूचं म्हणाल तर आमच्या घरात थेंब यायचा नाही. गेल्या वर्षी बाबा गेले, ते सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसत. देवमाणूस."

तिने ब्रेंडनला लिहा म्हणून खुणावलं.

"मसाला नंतरचा गं," अलकनंदाबाई म्हणाल्या. "फॉर्मवर खोटं नको. तू तेव्हा चार वर्षांची होतीस."

"मग कुठे शिकलीस?"

"दारात."

"कुठल्या दारात?"

बाईंनी पदर सारखा केला. आवाज चिवडा वाढतानाचाच होता.

"आपल्याच. हे बाहेरून पिऊन यायचे, दार उघडलं की मी आधी वास घ्यायची. रम असली तर जेवून गप झोपायचे. व्हिस्की असली, तर ह्यांचे बूट निघायच्या आत तुला मागच्या दाराने शेजारच्या पद्मिनीकाकूंकडे पोचवावं लागायचं."