नाकाडोंगरीचा डिफॉल्ट रूट

‘दुपारी १२.०५. डिफॉल्ट रूट काढला. काढणारा: टेकचंद.’

नाकाडोंगरी केंद्रातल्या संगणकावर भुपेंद्रनं ती ओळ तीनदा वाचली. टेकचंदला जाऊन आठ महिने झाले होते. आता बोला!

दूध संघाची चौदा संकलन केंद्रं एका नेटवर्कात बांधलेली, आणि भंडाऱ्याच्या ऑफिसात भुपेंद्र त्यांचा राखणदार. एखाद्या केंद्राचा डिफॉल्ट रूट, म्हणजे माहिती बाहेर जायची ठरलेली वाट, गेला की ते जगापासून तुटतं. भंडाऱ्यात बसून दिसतसुद्धा नाही. मग कोणीतरी गाडी काढायची आणि केंद्र गाठायचं, ही संघाची रीत. आठ महिन्यांपूर्वी इथला रूट असाच गेला, तेव्हा भुपेंद्रनं हाताखालच्या टेकचंदला पाठवलं. नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलातल्या वळणावर, ट्रकनं त्याला उडवलं.

त्यानंतर भुपेंद्र या रस्त्याला फिरकला नव्हता. पण महिन्यात तिसऱ्यांदा रूट गायब झाला आणि आज त्याला यावंच लागलं. सिस्टीमवरचं टेकचंदचं खातं बंद करायला त्याचा हात धजला नव्हता. तेच खातं आता उठून बसलं होतं.

“भेऊ नका, भाऊजी. मीच काढला.”

दारात रेणू उभी होती, टेकचंदची बायको. नवऱ्यामागं संघानं तिला या केंद्रावर कामाला घेतलं होतं. “ह्यायच्या डायरीत पासवर्ड होता.”

“काहून, वहिनी?”

“तुमी यावं म्हणून. हर बारीले दुसऱ्यालेच धाडता.”

तिनं पुढे होऊन जुनी नोंद उघडली. अपघाताच्या दिवसाची.

“ह्यायले ट्रकनं एक वाजता उडवलं. इथंपर्यंत पोचलेच नाही. अन् रूट तं साडेबारालेच वापस आला, भंडाऱ्याहून. मंग बिघाड तिकडंच होता ना?”

होता. त्या सकाळी भंडाऱ्यातलं सेटिंग साफ करताना भुपेंद्रनंच एक ओळ पुसली होती. ध्यानात आल्यावर त्यानं ती गुपचूप परत घातली होती.

“अर्धा तास होता, भाऊजी. ‘वापस फिर’ असा एक फोन काहून नाही केला?”

आठ महिने भुपेंद्र स्वतःला हेच विचारत होता. दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं.

“लावला होता, वहिनी. एक रिंग गेली. मंग वाटलं, माही चूक त्याले समजंल. म्हणून काटला.”