हातभर अंतर

चार वर्षांनी परदेशातून घरी आलेल्या निरंजनने दाराशी उभ्या उभ्याच आईला हात जोडले.

"आई, कशी आहेस?"

कमलिनीबाईंना हसूच आलं. कानामागे चिप बसवायची टूम निघाल्यापासून सगळं जग असंच लांबून गोड बोलायला शिकलं होतं. सातासमुद्रापलीकडून चिप नुसते शब्द पोचवायची, पण हातभर अंतरावर माणूस आला की दोघांच्याही मनातलं सगळं एकमेकांना कळायचं. म्हणून तर हल्ली लग्नातसुद्धा कोणी कोणाला मिठी मारत नव्हतं. भेकड मेले! आणि त्यातलाच एक नेभळट आपल्या पोटी यावा, या विचाराने त्यांचं तोंड कडू झालं.

"वाकून नमस्कार करायची पद्धत मोडलीस वाटतं? की आईला कळू नये असं काही आहे मनात?"

निरंजनचा चेहरा उतरला. क्षणभर तो घुटमळला, मग बॅग खाली टाकून सरळ चालत आला. ओले डोळे त्याने लपवलेही नाहीत.

तो वाकणार, तोच कमलिनीबाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"राहू दे, राहू दे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "पोचला हो नमस्कार."