दुभाषी

देशातल्या कारखानदारांचे प्रतिनिधी म्हणून साहेब आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला आले होते. ठरलेल्या तासांनंतर कामगाराला त्याच्या मर्जीविरुद्ध थांबवून घेता येणार नाही, असा नवा नियम येऊ घातला होता आणि तो हाणून पाडायचाच, असा साहेबांनी चंग बांधला होता. समोरच्या बाकावर त्यांच्याच देशाचा कामगार पुढारी बसला होता. दोघं एकाच विमानानं आले होते, पण एकमेकांचं तोंडही बघत नव्हते.

साहेबांचं भाषण रंगात आलं, तेवढ्यात काचेमागची दुभाषी बाई हेडफोन काढून उठली. तिची वेळ संपली होती. साहेब आपल्या भाषेत काय बोलताहेत ते आता सभागृहात परदेशी मंडळींपैकी कोणालाच कळेना.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माईक चालू आहे, याचंही भान त्यांना राहिलं नाही.

"बसवा तिला खाली! दावणीला बांधल्याशिवाय ही माणसं कामच करत नाहीत. यांना कसली मर्जी विचारायची?"

अध्यक्ष गोंधळले. "काय म्हणताहेत हे?"

कामगार पुढारी शांतपणे उभा राहिला. "मला येते त्यांची भाषा. मी सांगतो."

"तू गप्प बस!" साहेब ओरडले. पण अध्यक्षांनी मान डोलावली होती.



पुढाऱ्यानं जन्मात पहिल्यांदाच मालकांची बाजू मांडली, तीही एक शब्द न गाळता, आणि इतर देशांच्या मालकांनीसुद्धा नियमाच्या बाजूनं हात वर केले.