उजवा गाल

इरशादच्या वाशीतल्या स्टुडिओत हर्षालीचा उजवा गाल कायम सावलीत असायचा. "चाचा, भाजल्याचा डाग दिसू देऊ नका," ती बजावायची, आणि इरशाद खिडकीचा पडदा ओढून डावीकडचा दिवा लावायचा. गेल्या महिन्यात ती डेंग्यूनं गेली. हार घालायचा फोटो न्यायला तिची आई द्वारकाबाई आली आणि तो बघून थबकली. "ही माझी न्हाय, भाऊ. डाग कुठं हाय? रांगत व्हती तवा माझ्याच हातनं उकळता चहा सांडला व्हता." इरशादनं जुने फोटो धुंडाळले. दिवा लावण्याआधी सहज टिपलेला एक सापडला: खिडकीतलं ऊन डागावर पडलेलं, हर्षाली खळखळून हसणारी. त्यानं तोच फ्रेममध्ये बसवला. द्वारकाबाईनं फ्रेम मांडीवर घेऊन काचेवर हलकेच फुंकर घातली. "धूळ न्हाय, ताई. आत्ताच पुसलीय," इरशाद म्हणाला. ती उजव्या गालावर फुंकर घालतच राहिली.