मधली जागा

"सर, रोज किती तास रियाज करता?" "सर, हे सगळं सुचतं कसं?" कार्यक्रम संपल्यावर चाहत्यांना उत्तरं देता देता त्रिलोकेकर पुरते शिणले होते. माईक हातात धरून ते पियानोपाशीच बसले होते आणि वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली उत्तरं आपोआप तोंडातून बाहेर पडत होती.

मग तोही प्रश्न आलाच. "सर, तुमची ती गाजलेली धून ऐन रंगात आलेली असताना मध्येच थांबते. त्या शांततेचा अर्थ काय?"

शांतता हाही एक सूरच असतो, हे ठरलेलं उत्तर आज त्यांच्याच्याने देववेना.

"अर्थ कसला डोंबलाचा! टेप लावून वाजवत बसलो होतो. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिथून ओरडली, 'अहो, दुधाकडे बघा!' मी उठून गॅस बंद केला आणि येऊन पुढे वाजवू लागलो. नंतर टेप ऐकताना ती म्हणाली, 'ही जागा अशीच राहू द्या.' राहिली."

सभागृह खळखळून हसलं. त्यांनाही जरा हलकं वाटलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी हसतच उठली. "पण सर, तुमच्या अलीकडच्या रचना कुठेच थांबत नाहीत!"

त्रिलोकेकरांनी पियानोचं झाकण हळूच खाली केलं.

"आता हाक मारून उठवायला कुणी नाही, बाळा," ते म्हणाले. "आणि चहा मी कोराच पितो."